बिलाबाहेरचा हिशेब

सकाळी सात

देवगिरी आणि महालक्ष्मी या दोन्ही गाड्या सकाळीच दादरला येतात. पाऊण तासात मराठवाड्यातली, कोल्हापूर-सांगलीकडची माणसं परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर दिसू लागतात. एका हातात स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. टाटा मेमोरियलच्या दाराशी ती थबकतात, कारण रांग कुठली आणि कशाची हेच कळत नाही. मी परळमधल्या एका लहान विश्वस्त संस्थेत वैद्यकीय समाजसेविका आहे. आमचं ऑफिस साडेनऊला उघडतं. पण खरं काम होतं ते या वेळेला, रुग्णाने अजून पहिली पावती फाडलेली नसते तेव्हा.

मी तीनच गोष्टी विचारते. रेशनकार्ड बरोबर आणलंय का? आतापर्यंत किती खर्च झाला? तो पैसा कुठून आणला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला बाई नवऱ्याकडे बघते, नवरा जमिनीकडे. मग हळूहळू बाहेर येतं: म्हैस विकली, डोरलं मोडलं, शेकड्याला पाचानं काढले. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. इलाजाचा पहिला दिवस उजाडायच्या आत घरावर एवढं व्याज चढलेलं असतं.

या कामात मला पटलेली गोष्ट हीच आहे. गरीब घर बहुधा हॉस्पिटलच्या बिलाने मोडत नाही. बिलाच्या आधी आणि बिलाच्या बाहेर जो पैसा जातो, त्याने मोडतं. बिलासाठी योजना आहेत, ट्रस्ट आहेत, निधी आहेत. बाकीच्या खर्चाला कुणी वाली नाही, कारण तो कुठल्याच कागदावर येत नाही.

आठ

नोंदणीच्या खिडकीवर ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ असं विचारतात. खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया यांचे पुढचे दर या एका शब्दावर ठरतात. सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ ला हे कर्करोग रुग्णालय सुरू केलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि इथले बहुसंख्य रुग्ण आजही जनरलमध्ये फुकट किंवा नाममात्र दरात उपचार घेतात. तरी नातेवाईक माझ्या कानाशी येऊन म्हणतात, “ताई, आईसाठी प्रायव्हेटच करतो. लोक काय म्हणतील?” मी त्यांना सांगते, डॉक्टर तेच आहेत, इलाज तोच आहे. पुढचं वर्षभर पैसे पुरवायचे आहेत. पहिल्या दिवशी लोकांसाठी खर्च करू नका.

कोपऱ्यावर कुणी ‘लवकर नंबर लावून देतो’, ‘ट्रस्टकडून लाख मिळवून देतो’ म्हणत जवळ आला, तर त्याच्या हातात फाईल देऊ नका, हेही तेव्हाच सांगते. खरी संस्था अर्जाचे पैसे घेत नाही.

साडेनऊ

आजची पहिली फाईल बीड जिल्ह्यातली. वय अडतीस, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, गाठ मोठी आहे. अंगावरून जायला लागून सात-आठ महिने झाले होते. गावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, तालुक्याला सोनोग्राफी झाली, जिल्ह्याला तुकडा काढून तपासला, मग आणखी एका ठिकाणी तोच तुकडा पुन्हा तपासला, मग सीटी. सगळ्या पावत्या नवऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रमाने लावून आणल्या होत्या. त्याला वाटत होतं, पावत्या दाखवल्या की सरकार पैसे परत देईल.

ते मिळत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयाला थेट पैसे देते. खिशातून भरलेले पैसे ती परत करत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीही झालेल्या खर्चाची भरपाई करत नाही. हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं आणि रोज तितकंच जड जातं.

दोघं ऊसतोडीला जातात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. ती आजारी पडली तेव्हा त्यांची मजुरी निम्मी झाली नाही, पूर्ण थांबली, कारण एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. उचल मात्र अंगावर आहे. ती पुढच्या हंगामात फेडायची, नाहीतर त्या हंगामाची उचल आणखी घ्यायची.

“ताई, बिल सरकार भरतंय म्हणतेत,” तो म्हणाला. “पर आमचा कोयताच मोडला, त्याचं काय करू?”

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. कुठल्याच योजनेत ते नाही.

मग आम्ही जे करता येईल ते करायला बसलो. तिला साधारण पाच आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार, लागणार, सोमवार ते शुक्रवार, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन. त्यानंतर आतून द्यायची किरणं. सिस्प्लॅटिन स्वस्त औषध आहे. शेकाला रोज खोलीत जाऊन यायला मोजकी मिनिटं लागतात. त्या मिनिटांसाठी दोन माणसांनी दोन महिने मुंबईत राहायचं. बिल शून्य आलं तरी भाडं, जेवण, बस, आणि गावी आजीकडे ठेवलेल्या दोन पोरांचं जेवण चालूच.

म्हणून मी डॉक्टरांना विचारायला गेले, हा इलाज बार्शीला होईल का? सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल खेड्यातल्या माणसांसाठीच उभं राहिलं. तिथे १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदही ठेवली जाते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “हा ठरलेला इलाज आहे, बार्शीला होऊ शकतो. मी पत्र देतो.” बाईला आधी ते पटेना. मुंबईपर्यंत आलोय तर इथेच बरं होऊ दे, असं तिला वाटत होतं. मी घाई केली नाही. दोघं बाहेरच्या बाकावर बसून बोलले आणि दहा मिनिटांनी तो आत आला. “बार्शीहून घर जवळ हाय. शनिवार-रविवार पोरांकडं जाता येईल.”

सगळ्यांनी मुंबईला येऊ नये असं मी म्हणत नाही. अवघड शस्त्रक्रिया, दुर्मीळ प्रकार, लहान मुलांचे कर्करोग यांना परळच हवं. पण इलाजाचा आराखडा इथे घेऊन तो घराजवळ पुरा करता येतो का, हे प्रत्येकाने डॉक्टरांना तोंडाने विचारायला हवं. डॉक्टरांसमोर दिवसाला ढीगभर फाईली असतात. तुमचं घर किती लांब आहे हे त्यांना फाईलमधून दिसत नाही.

साडेअकरा

आरोग्यमित्राचं टेबल. जनआरोग्य योजनेत आलेल्या प्रत्येक रुग्णालयात ते असतं, आणि तिथे बसलेला माणूस गरिबाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. रेशनकार्ड, आधार, तपासणीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी ठरवलेला उपचार हे सगळं तो वर पाठवतो. मंजुरी आली की इलाज सुरू होतो.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून ही योजना सुरू झाली. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आधी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाखांची आहे, आयुष्मान भारतही तिच्याशी जोडली आहे. पिवळ्या आणि केशरी कार्डाबरोबर पांढरं कार्डही आता चालतं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्याने सांगते. ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कोण देणार’ असं म्हणून किती घरं विचारायलाच जात नाहीत.

आज अडलं ते नावावर. आधारवर ‘सुमन’, रेशनकार्डावर ‘सुमनबाई’, आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव. दुसऱ्या एका घरात सून अजून सासऱ्याच्या कार्डावर चढलेलीच नाही. ही कामं गावच्या तहसीलमध्ये आठवड्यात होतात. परळच्या बाकावर बसून गावाला फोन करत राहिलं तर तीन आठवडे जातात, आणि प्रत्येक दिवसाचं खाटेचं भाडं असतं. गावातल्या शाळामास्तरांनी, ग्रामसेवकांनी, बचतगटातल्या बायकांनी कुणाला गाठ निघाली असं कळताच एवढं जरी केलं, की त्या माणसाचे सगळे कागद एका नावावर आहेत ना ते पाहिलं, तर फार मोठं काम होईल.

साडेबारा

औषधाच्या खिडकीपाशी कल्याणचे एक रिक्षावाले काका उभे होते. तंबाखूमुळे जिभेचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि वर्षाच्या आत गाठ परत आली. बाहेर कुणीतरी त्यांना इम्युनोथेरपीचं नाव सांगितलं होतं आणि महिन्याचे लाखाच्या घरातले आकडे ऐकवले होते. मुलाने रिक्षाचा परमिट विकायची बोलणी सुरू केली होती.

त्यांच्या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची फार छोटी मात्रा देऊन पाहिली होती. तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, आणि सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते, तर छोट्या मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. हा आजार बरा करणारा इलाज नाही, हे काकांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण परमिट विकावा लागणार नाही, एवढं त्या दुपारी ठरलं.

या संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे. महागडं औषध स्वस्तात मिळावं म्हणून आपण सरकारकडे मागणी करतो, ती करायलाच हवी. पण ‘एवढं औषध लागतं तरी का’ हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारावा लागतो, आणि तो आपल्या शहरात विचारला गेला.

किमतींची लढाईही आपल्याकडे झाली आहे. ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला सोराफेनिब हे कर्करोगाचं औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना मिळाला. महिन्याला २ लाख ८० हजारांचं औषध ८,८०० रुपयांत देणं तिच्यावर बंधनकारक झालं. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकचं पेटंट नाकारलं. रक्ताच्या एका कर्करोगावर रोज घ्यायच्या त्या गोळीचे स्वस्त पर्याय त्यामुळे बाजारात टिकले. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी होती. २०१९ मध्ये ४२ कर्करोग-औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा आली. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधली रुग्णालयं आता एकत्र बोली लावून औषधं घेतात, त्यानेही दर खूप उतरले.

म्हणून खिडकीवर मी प्रत्येकाला एवढंच शिकवते: चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं चालेल का हे डॉक्टरांना विचारा, आणि रुग्णालयाच्या दुकानातला दर कळल्याशिवाय बाहेरून काही घेऊ नका. छापील किंमत आणि रुग्णालयाची किंमत यांत किती अंतर असतं, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

दीड

जेवणाची वेळ. हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत संस्थेसारख्या कितीतरी हातांमुळे परळमध्ये दुपारी रुग्णाला उपाशी राहावं लागत नाही. नवीन आलेल्या मंडळींना रांगेत उभं राहायचा संकोच वाटतो. त्यांच्यासोबत मी रांगेपर्यंत जाते.

सव्वादोन

डोंबिवलीचे एक गृहस्थ आले, पत्नीसोबत. खासगी कंपनीत हिशेबनीस. पत्नीला स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह. ऑपरेशन आणि किमोत मेडिक्लेमची रक्कम संपली. आता ट्रास्टुझुमॅब हे औषध वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. ते खुर्चीवर बसले तरी बॅग मांडीवरच धरून होते. “आम्ही मागायला आलो नाही,” पहिलं वाक्य हे. “फक्त माहिती हवी होती.”

अशा घरांशी बोलणं मला सगळ्यात अवघड जातं. गरीब माणसाला मदत मागणं ठाऊक असतं. आयुष्यभर जगण्यातून त्याने ते शिकलेलं असतं. मध्यमवर्गीय माणूस मात्र आधी मुदतठेवी मोडतो, मग सोन्यावर कर्ज, मग वैयक्तिक कर्ज, मग क्रेडिट कार्ड, मग मुलीच्या कॉलेजची फी पुढे ढकलतो, आणि सगळं संपल्यावर आमच्या दारात येतो. तेव्हा त्याला गरीब म्हणायला कागद कमी पडतात आणि श्रीमंत म्हणायला घरात काही उरलेलं नसतं.

मी त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवला. पांढरं रेशनकार्ड आहे, म्हणजे जनआरोग्य योजनेत अर्ज होतो, तो आजच करायचा. ट्रास्टुझुमॅबचं भारतीय कंपन्यांनी बनवलेलं बायोसिमिलर, म्हणजे तसंच काम करणारं औषध, २०१४ पासून मिळतं, ते चालेल का हे विचारायचं. भविष्य निर्वाह निधीतून कर्करोगासाठी रक्कम काढता येते, आणि तिच्यावर शेकड्याला पाच व्याज नसतं. जुन्या पद्धतीने कर भरत असतील तर आयकरात कर्करोगाच्या उपचारखर्चाची वजावट आहे, ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत. कंपनीच्या मालकाशी बोलायचं, लपवायचं नाही, कारण दर तीन आठवड्यांनी एक दिवस सुट्टी लागणारच.

आणि धर्मादाय रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला ठेवावी लागते. ज्या झगमगीत इमारतींकडे आपण ‘ते आपलं नाही’ म्हणून बघतो, त्यांतल्या कित्येक धर्मादाय आहेत. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते.

पत्नी इतका वेळ गप्प होती. जाताना तिने विचारलं, “हे सगळं सहा महिन्यांपूर्वी कुठे विचारायचं असतं?” इथेच विचारायचं असतं, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात. फक्त तो विभाग बिलाच्या खिडकीइतका ठळक दिसत नाही.

साडेतीन

अर्ज लिहायचा तास. यातली सगळी मेहनत क्रमाची आहे. आधी जनआरोग्य योजना. तिच्यात न बसणारा उपचार असेल किंवा मर्यादा संपली असेल, तर धर्मादाय खाट. त्यानंतर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. त्याला १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. त्याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयांतही आहे, मंत्रालयापर्यंत यावं लागत नाही. उरलेली फट ट्रस्टकडून भरायची: सिद्धिविनायक मंदिर न्यास, इंडियन कॅन्सर सोसायटीचा निधी, टाटा ट्रस्ट, आणि माझ्या वहीतली कितीतरी लहान नावं. ट्रस्ट धनादेश रुग्णाच्या हातात देत नाहीत, रुग्णालयाच्या नावाने फाईल क्रमांक घालून देतात. क्रम चुकला की पुढचा अर्ज ‘आधी तिकडे विचारलं का’ म्हणून परत येतो.

एक तक्रार इथे नोंदवते. प्रत्येक दारात तेच कागद पुन्हा द्यावे लागतात. तोच दाखला, तेच अंदाजपत्रक, तोच फोटो. आज एका कचेरीने अर्ज परत पाठवला, कारण अंदाजपत्रकावरचा शिक्का फिका उठला होता. त्या शिक्क्यासाठी किमो चालू असलेल्या माणसाचा मुलगा दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभा राहिला.

साडेचार

तारीख चुकलेल्यांना फोन. हे मी सगळ्यात मन लावून करते. औषध अर्धवट सुटलं की आधी झालेला सगळा खर्च वाया जातो, आणि गाठ परत आली की पुढचा इलाज आणखी महाग पडतो.

विदर्भातल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या बापाला फोन लावला. मुलाला रक्ताचा कर्करोग, इलाज दोन-अडीच वर्षांचा. औषधं मोफत चालू आहेत. तरी तारीख का चुकली? “ताई, तिकिटाला पैसे नव्हते.” कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला तिथेच ७५ टक्के. रुग्णालयाच्या दाखल्यावर ती मिळते. त्याला तो फॉर्म दिलेला होता, पण आरक्षणाच्या खिडकीवर तो दाखवायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला ओळ न् ओळ समजावली आणि नवी तारीख घेऊन दिली.

लहान मुलांच्या बाबतीत परळने काय करून दाखवलं ते सांगायला हवं. २००९ च्या सुमारास टाटा मेमोरियलमध्ये पाचातलं एक मूल इलाज मध्येच सोडत होतं. मग मुलांसाठी वेगळा निधी उभा राहिला. राहायची जागा, जेवण, समुपदेशन, चुकलेल्या तारखेला फोन, हे सगळं औषधाइतकंच इलाजाचा भाग मानलं गेलं, आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून अशा मुलांना आईबापांसह मोफत ठेवून घेतात. बिलाबाहेरचा खर्च उचलला की मुलं वाचतात, याला आता आणखी पुरावा नको. मोठ्यांसाठी तेवढंच कुणी उभं केलं नाही.

सहा

दादरची संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा. या धर्मशाळेने, परळच्या नाना पालकर स्मृती समितीने, बांद्र्याच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होमने हजारो घरं भाड्याच्या खड्ड्यातून वाचवली आहेत. जागा मात्र मोजक्या, म्हणून पदपथावरचे संसार संपत नाहीत.

इथल्या बायकांकडून मी खूप शिकले. जळगावच्या एक मावशी नवऱ्याच्या किमोच्या दिवसांत शेजारच्या इमारतीत पोळ्या लाटायला जातात. त्यांनी नव्या आलेल्या बाईला सांगितलं, “रोज रात्री वहीत लिही. चहाचे दहा रुपयेसुद्धा.” वही ठेवल्याने पैसा वाढत नाही, पण पंधरा दिवसांनी आपल्याला नेमके किती कमी पडतात ते सांगता येतं. ‘खूप खर्च होतोय ताई’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘महिन्याला सहा हजार कमी पडतात’ म्हणणाऱ्याला मदत लवकर मिळते. ज्यांच्या घरी कमावतं कुणी उरलं नाही, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचं महिना १,५०० रुपयांचं अनुदान आहे. कर्करोगाचा रुग्ण त्यात बसतो. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१ हजार इतकी तोकडी आहे, की शब्दशः निराधार झाल्याशिवाय माणूस पात्र ठरत नाही. ती वाढवायलाच हवी.

साडेसात

शेवटची भेट एका घरी, लालबागला. आजोबांचा आजार यकृतात पसरला आहे. टाटामधून वेदनाशामक उपचार चालू आहेत. मोठा मुलगा दारातच म्हणाला, “मॅडम, एका खासगी रुग्णालयात आयसीयूत ठेवायला तयार आहेत. खोली गहाण टाकायची ठरवतोय.”

मी त्याला एकच प्रश्न नेमका विचारायला सांगितला, आणि तो डॉक्टरांना विचारायचा, मला नाही: याने बाबांचे किती दिवस वाढतील, आणि ते दिवस कसे असतील? बाप जाताना मुलाला ‘मी सगळं केलं’ असं वाटायला हवं, हे मी समजू शकते. पण आजोबांनी मला खूण करून जवळ बोलावलं. त्यांना खोलीची काळजी होती. ती सुनेच्या नावावर करायची राहिली आहे, एवढंच ते दोनदा बोलले. मुलाने ते ऐकलं.

दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत. बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतं. घरी येऊन पाहणारी पथकं आहेत. शेवटच्या आठवड्यांत घर गहाण टाकणं हे प्रेमाचं माप नाही, हे बोलायला कुणीतरी बाहेरचं लागतं, कारण भाऊबंदांपैकी कुणालाच ते पहिल्यांदा म्हणायचं नसतं.

साडेआठ

उद्याच्या फाईली लावते आहे, आणि वाचणाऱ्याला एक विनंती करते आहे. तुमच्या घरात, गावात, कामवाल्या मावशींच्या ओळखीत कुणाला गाठ निघाली, तर सोनं मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी, दुसऱ्यांदा तीच तपासणी करण्याआधी, त्या माणसाला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात घेऊन जा. बरोबर रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला द्या. जनआरोग्य योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते, फोन फुकट लागतो.